पंखा फिरताना दिसावा, नंबर लिहिलेला असावा: जुन्या लष्करी विमानांचे फोटो आणि त्यांच्या आठवणी

एअर शोवरून परत आलेल्या मंडळींचे फोटो बघताना दोन गोष्टी मला हमखास खटकतात. पहिली, पंख्याच्या विमानाचा पंखा फोटोत ठार थांबलेला असतो आणि विमान हवेत थिजल्यासारखं दिसतं. दुसरी, "हे कुठलं विमान?" असं विचारलं की उत्तर येतं, "जुनं आहे कुठलं तरी." सुखोई, राफेलच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, ती अजून कित्येक वर्षं उडणार आहेत. टायगर मॉथ आणि हार्वर्ड ही शिकवण्याची, डाकोटा हे वाहतुकीचं, ही जुनी विमानं मात्र आपल्या वायुदलाकडे उडत्या स्थितीत अगदी मोजकी उरली आहेत. त्यांतून फिरलेली, लढलेली माणसंही आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून या विमानांचा फोटो काढणं आणि त्याची नीट नोंद ठेवणं हे मी एकच काम मानतो. नोंद नसली तर फोटो कितीही देखणा असो, दहा वर्षांनी तो कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

कोल्हापूरकरांनी तर हे काम हौसेनं अंगावर घ्यावं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात स्वतःच्या हातांनी मूव्ही कॅमेरा बांधला. जिल्हा फौजेचाही आहे, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. कॅमेरा आणि फौज दोन्ही आपल्या घरचेच असताना ही विमानं आपल्याकडून निनावी राहू नयेत.

कुठं जायचं, काय बघायला मिळतं

उडती जुनी विमानं बघायची असतील तर ८ ऑक्टोबरच्या वायुसेना दिनाच्या आसपासचं प्रदर्शन सोडू नका. २०२२ पासून हा सोहळा दिल्ली परिसराबाहेर फिरता झाला. आधी चंडीगड, मग प्रयागराज, २०२४ ला चेन्नईचा मरीना किनारा. चेन्नईत डाकोटा आणि हार्वर्ड दोन्ही उडाली. दुसरी मोठी संधी म्हणजे बेंगळुरूजवळ येलहंकाच्या हवाई तळावर विषम वर्षांच्या फेब्रुवारीत भरणारा एरो इंडिया हा एअर शो. २०२५ मध्ये तो १० ते १४ फेब्रुवारी होता, आणि सर्वसामान्यांसाठी शेवटचे दोन दिवस खुले होते. तिकिटं ऑनलाइन मिळतात. नुसती उड्डाणं बघायचं तिकीट वेगळं, प्रदर्शनाच्या आत जायचं वेगळं. जमिनीवर उभी विमानं जवळून टिपायची असतील तर आतलंच घ्या. आपल्याकडून मिरजेला जाऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडली की सकाळी बेंगळुरू. गाडीनं जाणार असाल तर निपाणी, बेळगाव, हुबळीमार्गे सरळ हायवे आहे, पण रात्रभर गाडी चालवून दिवसभर उन्हात लेन्स उचलणं झेपत नाही. एक रात्र आधी पोचा.

सराव कोल्हापुरातच करा

जुन्या विमानाच्या फोटोत सगळा खेळ पॅनिंगचा आहे, म्हणजे विमानाच्या वेगानं कॅमेरा फिरवत फिरवत बटण दाबणं. ते शोच्या दिवशी शिकता येत नाही. टायगर मॉथचा उडण्याचा वेग ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटरच्या आसपास असतो, हायवेवरच्या मोटारीइतकाच. त्यामुळे रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, शेताच्या बांधावर उभं राहून मोटारींवर सराव केला तर तो थेट कामी येतो. आकाशातल्या सरावासाठी पंचगंगा घाटावरच्या घारी उत्तम. वर बघत कंबरेतून वळायची सवय लागते आणि मोकळ्या आभाळात फोकस कसा हरवतो तेही कळतं. संध्याकाळी रंकाळ्यावर बगळे परततात, त्यांच्यावर कमी शटर स्पीड, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवून बघा.

उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणाला लेन्स लावून सराव करायचा मोह अनेकांना होतो. तो टाळा. विमानतळावर आणि लष्करी हद्दीत परवानगीशिवाय फोटोग्राफीला मनाई आहे, आणि या छंदात एकदा कुणी अडवलं की पुढच्या सगळ्यांनाच त्रास होतो.

सराव करताना पाय खांद्याइतके फाकवून रोवा, पावलं फोटो जिथं घ्यायचा त्या दिशेला ठेवा आणि कंबरेतून आधी मागं वळून विमान 'उचला', म्हणजे चौकटीत पकडा. ते समोर येईल तेव्हा शरीर आपोआप सुटत सरळ होतं आणि हालचाल गुळगुळीत राहते. डावा हात लेन्सच्या खाली, कोपरं अंगाला. बटण दाबून झालं तरी कॅमेरा फिरवणं थांबवायचं नाही. बरेच फोटो हलतात ते शेवटच्या क्षणी हात थांबवल्यामुळे.

शटर स्पीड: इथं घाई नको

जेट विमानाला पंखा नाही, तेव्हा १/१००० किंवा १/२००० वर निर्धास्त फोटो काढा. पंख्याच्या विमानाला हाच आकडा लावला की फोटो मेला. कारण साधं आहे. टायगर मॉथचा पंखा मिनिटाला साधारण दोन हजार फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला तेहतीस. १/१००० सेकंदात तो जेमतेम बारा अंश फिरतो आणि फोटोत थांबलेला दिसतो. १/२५० ला अठ्ठेचाळीस अंश, १/१२५ ला नव्वदच्या पुढं. दोन पात्यांचा पंखा असल्यामुळे पूर्ण चकती दिसायला त्यानं अर्धा फेरा, म्हणजे एकशे ऐंशी अंश फिरायला हवं, आणि त्यासाठी १/६० लागतं. हार्वर्डचं गणित जवळपास असंच आहे.

डाकोटा फसवते. मोठं विमान, मोठी इंजिनं, म्हणून पंखाही जोरात फिरत असेल असं वाटतं. पण तिच्या इंजिनाला गिअर आहे, त्यामुळे इंजिन जेवढं फिरतं त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त पंखा फिरतो. संथ उडताना तो मिनिटाला अकराशे-बाराशे फेऱ्यांच्या आसपास असतो. पाती तीन, तेव्हा चकती पूर्ण व्हायला एकशे वीस अंश पुरतात, तरी त्याला १/६० च लागतं. म्हणजे छोट्या टायगर मॉथला १/१२५ वर जेवढा जिवंतपणा येतो, तेवढा डाकोटाला येत नाही, कारण तेवढ्या वेळात तिचं पातं कमी फिरतं, तिच्यासाठी आणखी खाली उतरावं लागतं. हेलिकॉप्टरचा वरचा पंखा तर याहून कितीतरी संथ असतो. चेतक मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतं. तिथं पूर्ण चकतीचा नाद सोडा, १/१०० च्या आसपास पात्यांची टोकं पुसट झाली तरी भरपूर.

मी सुचवतो तो क्रम असा. विमानाची पहिली फेरी १/२५० वर घ्या. पंखा थोडा फिरलेला, विमान धारदार, आणि नोंदीसाठी एक खात्रीचा फोटो खिशात. दुसऱ्या फेरीला १/१६०, मग १/१२५. हात बसला असेल तरच १/८० किंवा १/६०. तिथं बहुतेक फोटो हलतील, ते गृहीत धरा. बर्स्ट, म्हणजे सलग फोटो घेण्याचा मोड, चालू ठेवा, पण पाच-सहा फोटोंच्या छोट्या झटक्यांत. सलग दाबून धरलं की नेमक्या वळणावर कॅमेऱ्याची मेमरी भरून तो अडकतो.

भर उन्हात १/६० म्हटलं की उजेड जास्त होतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १०० वर ठेवूनसुद्धा लेन्सचं छिद्र एफ/१६ च्या पुढं मिटवावं लागतं, आणि तसं केलं की सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण निळ्या आभाळावर काळ्या ठिपक्यासारखा उमटतो. दोन उपाय करा. निघण्याआधी सेन्सर साफ करून घ्या, आणि लेन्सच्या मापाचा उजेड कमी करणारा दोन-तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बॅगेत ठेवा. चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर मात्र नको. कॉकपिटच्या काचेवर तो इंद्रधनुष्यासारखे पट्टे आणतो.

बाकी सेटिंग पटकन. शटर प्रायॉरिटी (शटर स्पीड आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो), सतत फोकस, फोकसचे मधले काही बिंदू एकत्र, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). लेन्समधल्या स्टॅबिलायझरला पॅनिंगसाठी वेगळा मोड असेल तर तो लावा. उजळ आभाळ कॅमेऱ्याला फसवतं आणि विमान काळं येतं, म्हणून एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वर ठेवा. ढगाळ पांढरं आभाळ असेल तर आणखी थोडं. मिररलेस वापरत असाल तर शटर मेकॅनिकलच ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीनं वाचतं, तेवढ्यात पंखा पुढं सरकलेला असतो आणि पाती केळीसारखी वाकडी येतात. मोबाइलच्या फोटोतही याच कारणानं पंखे वाकतात. म्हणून उडत्या विमानाला मोबाइल नको. त्याची खरी कामं पुढं सांगतो.

लेन्स ७०-३०० असली तरी पुरते. १५०-६०० असेल तर छान, पण ती दिवसभर पेलायची तयारी हवी.

शोच्या दिवशी

सूर्य कुठं असेल ते आदल्या दिवशी मोबाइलवर बघून ठेवा. चेन्नईसारख्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सकाळी समुद्राकडं तोंड केलं की ऊन थेट लेन्समध्ये येतं आणि विमानाची नुसती काळी सावली मिळते. तिथं गर्दीच्या एका टोकाला सरकून तिरकं ऊन मिळवा. येलहंक्यासारख्या धावपट्टीवर अकरानंतर डांबरावरून उठणारी उष्ण हवा चित्र थरथरवते. त्यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. खाली धावणाऱ्या विमानांचे फोटो सकाळी लवकर घ्या, दुपारी वर आभाळात बघा.

सगळ्यात चांगला फोटो वळणावर मिळतो. विमान प्रेक्षकांकडं पाठ कलवून वळतं तेव्हा पंखांचा वरचा भाग, दोन्हीकडची वायुदलाची रंगीत गोल चक्रं आणि कॉकपिटमधली माणसं एकाच चौकटीत येतात. डोक्यावरून जाणाऱ्या विमानाच्या पोटाच्या फोटोंत मेमरी कार्ड घालवू नका. समोरून तिरकं येतानाचा आणि वळतानाचा, असे दोन क्षण आधी ठरवून ठेवा, आणि विमानाच्या पुढं चौकटीत थोडी मोकळी जागा राहू द्या.

आवाजही नोंदवा. हार्वर्डचा पंखा थेट इंजिनाला जोडलेला, त्याची टोकं आवाजाच्या वेगाला भिडतात आणि एक करकरीत, फाटल्यासारखी गर्जना होते. ती दुसऱ्या कुठल्याही विमानाला नाही. एखादी फेरी कॅमेरा खाली ठेवा, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि त्या मिनिटात कुणाशीही बोलू नका. निवेदक विमानाचा नंबर, वैमानिकाचं नाव, तुकडी सांगतो तेही रेकॉर्ड करा. घरी आल्यावर यातलं एक अक्षर आठवत नसतं.

पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सुती शर्ट या गोष्टी कॅमेऱ्याइतक्याच महत्त्वाच्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मरीनावर ऊन आणि गर्दीमुळे माणसं दगावली. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना नेत असाल तर बाहेर पडायचा रस्ता आधी बघून ठेवा आणि शेवटच्या विमानाच्या आधी निघा. आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लावलेल्या जेटच्या आवाजासाठी मुलांच्या कानांना संरक्षण हवं. ड्रोन अजिबात नको, तो गुन्हा आहे आणि वैमानिकाच्या जिवाशी खेळ आहे.

उभी विमानं: गोवा आणि पुणे

उडतं विमान वर्षातून एखादेवेळी दिसतं, उभं विमान कधीही. आपल्याला सगळ्यात जवळ गोव्यातलं नौदलाचं हवाई संग्रहालय. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सावंतवाडीमार्गे वास्कोकडं जा, बोगमाळो रस्त्यावर ते आहे. सोमवारी बंद असतं. तिथं सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर ही नौदलाची जुनी विमानं आणि आवारातच सुपर कॉन्स्टेलेशन या चार इंजिनांच्या विमानाचं अवाढव्य धूड बघायला मिळतं. १९७१ च्या डिसेंबरात पहिल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले ते याच जातीच्या सी हॉक आणि अलिझेंनी. पुण्यात घोरपडीच्या युद्धस्मारकाच्या आवारात मिग-२३ बीएन हे लढाऊ विमान उभं आहे.

इथं मोबाइल उत्तम चालतो. विमानं दाटीनं उभी असतात, म्हणून गुडघ्यावर बसा आणि नाकाच्या बाजूनं तिरका फोटो घ्या, मागचं विमान झाकलं जातं. मग जवळ जा. रिव्हेटच्या रांगा, घासून गेलेला टायर, कॉकपिटच्या पायरीवर गुळगुळीत झालेला भाग, पंखावरची 'इथं पाय ठेवू नका' अशी बारीक सूचना. माहितीचा फलकही सरळ, वाचता येईल असा टिपा. त्यावरची माहिती नंतर पडताळून बघायची असते.

नोंद कशी लिहायची

त्याच रात्री, झोपण्याआधी, निदान निवडक फोटोंची नोंद लिहा. विमानाचा प्रकार, शेपटीवरचा किंवा अंगावरचा नंबर, कॉकपिटखालचं तुकडीचं चिन्ह, ठिकाण, तारीख, आणि निवेदकानं सांगितलेलं काही. चक्राचे रंगही बघा. स्वातंत्र्याआधीचं ब्रिटिश पद्धतीचं चक्र, १९४७ नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं अशोकचक्र आणि १९५० पासूनचं केशरी-पांढरं-हिरवं. विमान कुठल्या काळाच्या रंगात रंगवलंय ते यावरून कळतं.

पण रंगवलेल्या नंबरावर डोळे झाकून विसंबू नका. वायुदलाची डाकोटाच घ्या. तिच्या अंगावर व्हीपी-९०५ लिहिलंय. हा नंबर २७ ऑक्टोबर १९४७ ला १ शीख पलटणीला घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा आहे. आज उडणारं विमान ते नव्हे. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी, वडील डाकोटाचे वैमानिक होते म्हणून, ब्रिटनमध्ये एक डाकोटा दुरुस्त करून वायुदलाला भेट दिली. २०१८ मध्ये ती उडत भारतात आली, 'परशुराम' नाव घेऊन सेवेत रुजू झाली आणि त्या ऐतिहासिक विमानाचा नंबर तिला सन्मानानं दिला गेला. तेव्हा तिची नोंद मी अशी लिहीन:

"डाकोटा, अंगावर व्हीपी-९०५ (१९४७ च्या श्रीनगर विमानाच्या स्मरणार्थ दिलेला नंबर). नाव परशुराम. वायुसेना दिन प्रदर्शन, मरीना, चेन्नई, ६ ऑक्टोबर २०२४. समुद्रावरून डावीकडून उजवीकडं जाताना."

फाइलचं नावही तारीख, ठिकाण, विमान, नंबर या क्रमानं द्या, आणि हीच ओळ फोटोच्या माहितीत भरा. व्हॉट्सॲपवरून पाठवताना ती माहिती गळून जाते, त्यामुळे मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. निवडक फोटोंच्या मॅट कागदावर प्रिंट काढा आणि मागं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

आता मिग-२१ कडंही याच नजरेनं बघायला हवं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला त्याला निरोप दिला गेला, साठ वर्षांहून जास्त सेवेनंतर. तुमच्या जुन्या कार्डांत, सीडींत त्याचे फोटो असतील तर ते आधी काढून नोंदवा.

प्रिंट घेऊन माणसांकडं जा

या छंदाचं खरं फळ इथं मिळतं. ११ डिसेंबर १९७१ ला २ पॅरा ही छत्रीधारी मराठा पलटण आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलजवळ आभाळातून उतरली आणि ढाक्याकडं माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट तोडायला पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. तिला नेणाऱ्या विमानांत एएन-१२, पॅकेट, कॅरिबू ही वाहतुकीची विमानं होती आणि डाकोटाही. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीवरून डाकोटा दोन डॉर्निअर विमानांसह उडाली, त्या रचनेचं नावही टांगाइलच होतं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या घराघरांत मराठा पलटणींचे माजी सैनिक आहेत. डाकोटाची मोठी प्रिंट त्यांच्या हातात द्यायची असते.

प्रिंट निवडताना डाव्या बाजूची निवडा, मागचं दार दिसेल अशी. डाकोटाचं मोठं दार डावीकडं, शेपटीजवळ असतं. शिरोळ भागातल्या एका माजी पॅरा सैनिकापुढं मी असा फोटो ठेवला तेव्हा त्यांची नजर नाकाकडं, पंख्याकडं गेलीच नाही, बोट थेट दारावर टेकलं. मग बराच वेळ ते दाराच्या कडेबद्दलच बोलत राहिले. हात कुठं धरायचा, पाय कुठं, मागचा माणूस किती चिकटून उभा असतो.

म्हणून प्रश्नही तसेच विचारा. "कसं वाटलं हो?" या प्रश्नाला "काय वाटायचं, हुकूम होता" एवढंच उत्तर मिळतं. "आबा, ह्याच दारातनं उडी मारलासा व्हय? बाकड्यावर कुठल्या बाजूला बसलासा? शेजारी कोण हुतं?" असं विचारलं की माणूस त्या विमानात परत जातो. हार्वर्डचा, डाकोटाचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवा. घरातल्या बाईमाणसांनाही विचारा, युद्धाच्या दिवसांत पत्र किती दिवसांनी यायचं, तार आली की आधी कोण उघडायचं. ती बाजू कुणी लिहून ठेवलेली नाही.

रेकॉर्डर चालू करण्याआधी परवानगी घ्या. साथीदार गमावल्याचा विषय निघाला आणि ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा, पुढचा प्रश्न रेटू नका. पेन्शनची पुस्तकं, ओळखपत्रं, पलटणीची कागदपत्रं यांचे फोटो इंटरनेटवर टाकू नका, घरच्यांनी हो म्हटलं तरी. पदकांचे फोटो काढताना ती गणवेशावर किंवा साध्या खादीच्या कापडावर ठेवा, मागची बाजूही टिपा, कडेवर बऱ्याचदा नाव आणि नंबर कोरलेला असतो.

रेकॉर्डिंगच्या फाइलला त्यांचं नाव, गाव, पलटण आणि तारीख द्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर त्याच आठवड्यात घरच्यांना नेऊन द्या, सोबत ती डाकोटाची प्रिंटही, मागं पेन्सिलीनं सगळी नोंद लिहून.